मॅप, फिल्टर, फोल्डच्या पुढे काय?

फंक्शनल प्रोग्रॅमिंग (फंक्शनं जोडत प्रोग्रॅम लिहिण्याची पद्धत) शिकताना मॅप, फिल्टर, फोल्ड ही यादीवर चालणारी नेहमीची फंक्शनं जमतात, पण मोनाडपाशी, म्हणजे एकामागून एक पायऱ्या जोडण्याच्या रचनेपाशी, गाडी अडते आणि नुसते व्हिडिओ बघून काही हाती लागत नाही, असं तुम्ही म्हणताय. मग डेटा६१ या ऑस्ट्रेलियन संशोधन संस्थेतून आलेला एफपी-कोर्स (एफपी म्हणजे फंक्शनल प्रोग्रॅमिंग) कराच. मोफत आहे, हॅस्केल या प्रोग्रॅमिंग भाषेत आहे आणि त्यात व्याख्यानं जवळजवळ नाहीतच. फाइल उघडायची, फंक्शनचा टाइप (ते काय घेतं, काय परत देतं) दिलेला असतो, आत नुसतं 'टूडू', म्हणजे 'करायचं बाकी'. ते तुम्ही भरायचं. लिस्टवरची (यादीवरची) नेहमीची फंक्शनंसुद्धा आयती मिळत नाहीत.

मला खरा उजेड पडला तो त्यातले स्टेट (बदलती स्थिती पायरीपायरीने पुढे नेणं) आणि पार्सर (मजकूर वाचून त्याची रचना ओळखणारा कोड) हे भाग करताना. आधी छोटे पार्सर लिहायचे, एक अक्षर वाचणारा, एक रिकामी जागा वाचणारा. मग तेच एकमेकांना जोडत जेसन (JSON, डेटा लिहिण्याची एक प्रचलित पद्धत) वाचणारा पार्सर उभा राहतो. मधली पायरी फसली तर पुढे काय होणार हे प्रत्येक वेळी हाताने लिहावं लागत नाही, मोनाडमधला पायऱ्या जोडणारा 'बाइंड' ते सांभाळतो. मोनाड कशाला हवा, हे मला तिथे बोटांना कळलं. घाई करू नका, एकेका फंक्शनवर माझी अख्खी संध्याकाळ गेली आहे.

हे जड वाटलं तर आधी हेलसिंकी विद्यापीठाचा हॅस्केल मूक (MOOC, म्हणजे सर्वांना खुला ऑनलाइन अभ्यासक्रम) करा, तोही मोफत. डॅन ग्रॉसमन यांचा 'प्रोग्रॅमिंग लँग्वेजेस' हा ऑनलाइन कोर्स तर मी कोणालाही सुचवेन. एसएमएल, रॅकेट, रुबी अशा तीन भाषांतून तो जातो, त्यामुळे कल्पना कुठली आणि भाषेची लकब कुठली हे वेगळं दिसू लागतं. पहिला भाग तरी सोडू नका.

पार्सरपाशी अडलात तर कोड इथे टाका, मिळून बघू.