मदत हवी आहे: टेंडरमध्ये 'आयएसओ ४१००१' मागायलेत, करावं काय?

वाळूजवाला

नमस्कार मंडळी. वाळूज एमआयडीसीत माझी छोटी कंत्राटदारी आहे. सहा पोरं घेऊन झाडलोटीपासून सुरुवात केली होती. आज हाउसकीपिंग, बागकाम, प्लंबर-इलेक्ट्रिशियन धरून चार कारखान्यांत ८७ माणसं आहेत. पीएफ-ईएसआयसीची चलनं वेळेवर भरतो. आयएसओ ९००१ चा (गुणवत्ता सांभाळण्याच्या पद्धतीचा) कागद भिंतीवर आहे (कसा आला ते विचारू नका).

आता शेंद्रा एमआयडीसीतल्या एका कंपनीची चौकशी आलीय. काम मोठं आहे, सगळी इमारतच सांभाळायची. पण अटींमध्ये लिहिलंय की एजन्सी आयएसओ ४१००१ (फॅसिलिटी मॅनेजमेंट म्हणजे 'एफएम', इमारत आणि तिथल्या सेवा सांभाळण्याचं मानक) प्रमाणित असावी किंवा ठरावीक मुदतीत होण्याची लेखी हमी द्यावी, आणि साइट इनचार्ज 'एफएमपी' असल्यास प्राधान्य. पर्चेसच्या साहेबांना विचारलं तर म्हणाले, "ते हेड ऑफिसवरून आलंय, मलाबी नीट माहीत नाही."

एक जण भेटला. ३५ हजारांत, आठ दिवसांत सर्टिफिकेट. फाइल तोच बनवणार, कागदही तोच देणार, ऑडिटला कुणी येणार नाही. भाऊजी म्हणायलेत घेऊन टाक. बायको म्हणते, एवढं सोपं असतं तर त्यांनी मागितलं कशाला असतं? मला बायकोचं पटतंय, पण टेंडरची तारीख डोक्यावर आहे. हे ४१००१ नेमकं कुणाचं असतं, इमारतीचं, कंपनीचं की आमचं? आणि एफएमपी म्हणजे वेगळं काय?

पाणचक्की

वहिनींचं ऐका.

पहिली गोष्ट, आयएसओ स्वतः कुणालाच सर्टिफिकेट देत नाही, ती फक्त मानकं काढते. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था वेगळ्या, आणि त्या संस्थांना तपासून मान्यता देणारी आणखी वेगळी. आपल्याकडे ते काम क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाखालचं एनएबीसीबी करतं. ज्याच्याकडून कागद घ्याल त्याला मान्यता कुणाची आहे ते विचारा, आणि ती ४१००१ साठीच आहे का तेही बघा. ९००१ ची मान्यता दाखवून भलताच कागद गळ्यात मारणारे आहेत. 'आयएएफ सर्टसर्च' या जगभरातल्या सर्टिफिकेटांच्या वेबसाइटवर सर्टिफिकेट शोधता येतं, हेड ऑफिसवाले तिथंच बघतील.

दुसरं, फाइलही मी बनवतो आणि सर्टिफिकेटही मीच देतो म्हणणारा तिथंच बाद. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेला त्याच गिऱ्हाइकाला सल्ला देता येत नाही, नियमच आहे. पेपर काढणारा मास्तर उत्तरं लिहून द्यायला लागल्यावर परीक्षा कसली?

खरी पद्धत अशी. पहिल्या टप्प्याच्या ऑडिटात कागद आणि तयारी बघतात, दुसऱ्यात साइटवर येऊन माणसांशी बोलतात. त्याआधी तुम्ही स्वतःचं अंतर्गत ऑडिट आणि मालक म्हणून आढावा घेतलेला पाहिजे. सर्टिफिकेट तीन वर्षांचं, मध्ये दरवर्षी देखरेख ऑडिट. आठ दिवसांत यातलं काय होणार?

कुणाचं, तर व्यवस्थापन पद्धतीचं, इमारतीचं नाही. मानक २०१८ चं आहे. त्यात 'मागणी करणारी संस्था' म्हणून एक शब्द येतो, म्हणजे जिला गरज आहे आणि खर्च करायचा अधिकार आहे ती. तुमच्या बाबतीत शेंद्र्याची कंपनी. तिला काय हवंय हे समजून तुम्ही सेवा कशी आखता, देता, मोजता आणि सुधारता, हे तपासतात. कंपनी स्वतःच्या एफएम विभागासाठीही घेऊ शकते, बाहेरची एजन्सीही घेऊ शकते. सर्टिफिकेटवर 'व्याप्ती' लिहिलेली असते, ती नीट वाचा. निव्वळ 'हाउसकीपिंग, वाळूज' लिहून घेतलं तर शेंद्र्याला उपयोग शून्य.

मांजराकाठ

मी लातूरला एका दवाखान्याचं ॲडमिन बघतो. आम्ही ४१००१ घेतलेलं नाही, पण मानक वाचून दोन वर्षं त्या पद्धतीनं काम करायलोय.

एफएमपी (फॅसिलिटी मॅनेजमेंट प्रोफेशनल) हे सर्टिफिकेट माणसाचं असतं, एजन्सीचं नाही. इफ्मा ही अमेरिकेतली संघटना देते. चार विषय आहेत: देखभाल, प्रकल्प, पैसा आणि नेतृत्व. अनुभवाची अट नाही. त्याच्यावरचं सीएफएम (सर्टिफाइड फॅसिलिटी मॅनेजर), त्याला अनुभवही लागतो आणि मोठी परीक्षाही. सध्या तिकडं जाऊ नका.

खरं काम रजिस्टरांत आहे. आमचं सांगतो. लातूरनं २०१६ ला रेल्वेनं पाणी पिलंय, त्यामुळं आमची सुरुवात पाण्यापासूनच झाली. टँकर किती वाजता आला, किती लिटरचा, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) किती, कोणत्या टाकीत सोडला, टाकी शेवटची कधी धुतली. आधी 'टँकर २' एवढंच लिहायचे. सहा महिने नीट लिहिल्यावर दिसलं की मार्चपासून एका टाकीला दुसरीच्या दीडपट पाणी लागतंय. फ्लोट गळत होता, कुणाच्या लक्षात नव्हतं.

२०२४ ला मानकात छोटी दुरुस्ती आली. हवामान बदल आपल्या कामाला लागू पडतो का ते ठरवा, असं आता त्यात आहे. पुण्या-मुंबईचे लोक तिथं काय लिहितात कोण जाणे, आपल्याला विचार करावा लागत नाही. पाणी, आणि मे महिन्यात दुपारी गच्चीवर काम करणारी पोरं.

वाळूजवाला

@मांजराकाठ, दुखत्या जागेवर बोट ठेवलंत. मागच्या दिवाळीत आमचा सुपरवायझर गेवराईला गावी गेला होता. रात्री अडीचला कँटीनच्या छतातली लाइन फुटली. व्हॉल्व्ह कुठं आहे ते फक्त त्याला ठाऊक, आणि फोन रेंजच्या बाहेर. चाळीस मिनिटं पाणी वाहिलं, तेही विकतचं. मानकात असल्या गोष्टीला काही नाव आहे का?

पाणचक्की

नाव आहे, 'संस्थात्मक ज्ञान'. म्हणजे माहिती सुपरवायझरच्या डोक्यात न राहता एजन्सीकडं राहिली पाहिजे. व्हॉल्व्हला नंबर घाला, एक नकाशा सिक्युरिटी केबिनमध्ये लावा, रात्रपाळीच्या पोरांना एकदा फिरवून दाखवा. ऑडिटर नेमकं त्याच पोराला विचारतो, मालकाला नाही.

टेंडरचं म्हणाल तर हमीचा पर्याय घ्या. अंतर्गत ऑडिट कधी, पहिला-दुसरा टप्पा कधी, याचं वेळापत्रक जोडा, मान्यताप्राप्त संस्थेचं कोटेशन जोडा. मुदत झेपत नसेल तर टेंडर भरण्याआधीच्या प्री-बिड मीटिंगमध्ये आत्ताच बोला, नंतर रडून उपयोग नाही. ९००१ चा सांगाडा आणि याचा सांगाडा एकच आहे, त्यामुळं तो कागद खरा असता तर निम्मं काम झालेलं असतं.

वाळूजवाला

टोमणा पोचला. ९००१ पण नव्यानंच धरतो.

उद्यापासून चारही साइटवर व्हॉल्व्हला नंबरचे पत्रे ठोकायला पोरं लावतोय. इनचार्जचं इंग्रजी बेताचं आहे, एफएमपीचे विषय त्याच्याकडून कसे करून घ्यायचे, कुणी केलं असेल तर सांगा. आणि भाऊजींनी त्या माणसाला दोन हजार टोकन देऊन टाकलंय म्हणे. ते परत कसं मागायचं, त्याचा वेगळा धागा काढतो.