सांदण दरीतील पाण्याच्या कुंडापर्यंत जाणे

प्रश्न: डिसेंबरअखेर आम्ही चौघे भंडारदऱ्याजवळच्या साम्रद गावातून सांदण या अरुंद दरीत उतरणार आहोत. दोर लावून उतरण्याचा सराव आम्हांला नाही. तरीही कुंडात पोहून त्याच वाटेने परतता येईल का?

उत्तर: अवश्य येईल. दोराचा टप्पा पाण्याच्या पुढे लागतो, त्यामुळे कुंडापासून मागे वळणाऱ्यांना त्याची गरज पडत नाही. मात्र दोन्ही बाजूंच्या उंच बसाल्टी कड्यांमुळे दरीच्या तळाशी ऊन जेमतेम पोहोचते आणि पाणी इतके गार असते की पाच मिनिटांतच हातपाय बधिर होऊ लागतात. पावसाळ्यानंतर लवकर गेल्यास ते छातीपर्यंतही असू शकते, म्हणून खोली आधी काठीने पाहावी आणि वरून उडी कधीही मारू नये, कारण तळाशी दरडीचे धोंडे असतात.

दुसरे उत्तर: साम्रदमधला वाटाड्या सोबत घ्यावा, ही माझी कळकळीची विनंती. सुटे धोंडे कोणते, हे त्यालाच ठाऊक असते. पावसाळ्यात तर ही दरी म्हणजे प्रवाहाचीच वाट, तेव्हा आत पाऊलही टाकू नये.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. वाटाड्या ठरवतो, आणि कोरडे कपडे जलरोधक पिशवीत नेतो.