धातुक, खनिज आणि खदानीवरचा 'माल'

प्रश्न: माझी शाळा तुमसर तालुक्यात आहे. वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरचं कुणीतरी मँगनीजच्या खदानीवर जातं. दहावीच्या पुस्तकात 'धातुक' आहे, मुलं 'खनिज' लिहितात, घरी 'माल' म्हणतात. फरक नेमका कसा सांगू? आणि 'खदान' लिहिलं की 'खाण' असं दुरुस्त करायचं का?

– मॅडम, 'खदान' राहू द्या. अख्खा विदर्भ तेच बोलतो. मुलाचा बाप जिथे घाम गाळतो त्या जागेचं नाव लाल शाईनं का खोडायचं?

'खनिज' म्हणजे खनीत, खाणीत जन्मलेलं. हा शब्द मोठा आहे, गार (क्वार्ट्झ) हेही खनिजच. ज्या खनिजातून धातू काढणं परवडतं तेच 'धातुक'. म्हणजे या शब्दात रसायनाइतकाच हिशेबही आहे. उदाहरण तुमच्याच भागातलं घ्या. इथल्या गोंडाइट खडकाला फर्मर या भूवैज्ञानिकानं 1909 साली गोंड लोकांवरून नाव दिलं. त्यात गार आणि स्पेसार्टाइन नावाचा गार्नेट, ही दोन खनिजं असतात. गार्नेटमध्ये मँगनीज आहे, पण सिलिकेटात, म्हणजे सिलिकॉन-ऑक्सिजनच्या संयुगात, असं अडकलेलं की ते काढणं परवडत नाही. त्याच पट्ट्यातला काळा, वजनदार ब्राउनाइट हे खनिज मात्र धातुक. मँगनीज दोन्हींत आहे, धातुक एकच. खदानीवरचा माणूस 'माल' म्हणतो तेव्हा हीच निवड करत असतो.

– मला पुस्तकातला 'मृदा अशुद्धी' हा शब्द खटकतो. धातुकासोबत निघणारी गार आणि गार्नेट ही काय मृदा आहे? मूल मातीच डोळ्यांसमोर आणणार. 'टाकाऊ खडक' म्हणा, लगेच कळतं.

प्रश्न: पटलं. आणखी एक. 'अभिनती म्हणजे दरी' असं निम्मा वर्ग लिहितो.

– ही चूक मात्र खोडाच. दरी जमिनीवर दिसते, अभिनती खडकाच्या थरांत असते. वलीचा, म्हणजे थरांना पडलेल्या घडीचा, खाली वाकलेला भाग अभिनती, वर उचललेला अपनती. अपनतीच्या माथ्यावर थर ताणले जातात, तडे पडतात, पाणी तिथेच आधी झिजवतं. म्हणून कित्येकदा दरी अपनतीवर असते आणि अभिनती डोंगर होऊन उभी राहते. वर्गात गोधडी घ्या, दोन्हीकडून रेटा. तुमच्या भागातले खडक, ज्यांना सौंसर गट म्हणतात, असेच दाबले गेलेत आणि मँगनीजचा थर त्यांच्यासोबतच दुमडलाय. म्हणून एकच थर थोड्या अंतरावर पुन्हा वर येतो, आणि वलीच्या बाकापाशी बरेचदा जाड होतो. मुलांना हे पाहायला चिखला, डोंगरी बुजुर्ग या मँगनीजच्या खदानी जवळच आहेत. डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज डायऑक्साइडचा ड्राय सेलमध्ये उपयोग होतो हेही सांगा, सेल त्यांनी हातात धरलेला असतो.

प्रश्न: जाता जाता, हे 'बुजुर्ग' कुठलं?

– फारसी, म्हणजे थोरलं. पश्चिमेकडे त्याचंच 'बुद्रुक' झालं. जोडीचं धाकटं गाव 'खुर्द'.