बेस्टचं तिकीट दुप्पट झालं, त्याचा जाब नेमका कुणाला विचारायचा?

मानखुर्दवाली
मंडळी बरेच दिवस एक गोष्ट डोक्यात आहे, आज लिहितेच. या वर्षी, २०२५ च्या ९ मे पासून, बेस्टचं (मुंबईच्या शहर बससेवेचं) कमीत कमी भाडं, म्हणजे पाच किलोमीटरपर्यंतचं, साध्या बसला ५ चं १० झालं आणि एसीला ६ चं १२. थेट दुप्पट. त्याच्या आधी जानेवारीत एसटी जवळजवळ १५ टक्क्यांनी वाढली, फेब्रुवारीत रिक्षा २३ वरून २६, एप्रिलमध्ये सिलिंडर ५० नी वाढून ८५२ च्या वर गेला. प्रत्येक वाढ वेगवेगळी बघितली तर लहान वाटते पण पगार एकदाच येतो ना, सगळं त्यातूनच जातं. आमच्या घरातून तीन माणसं रोज बसने स्टेशनला जातात, येताना परत बस, आता मी आणि मुलगा सकाळी चालत जातो, नवऱ्याचे गुडघे दुखतात म्हणून तो बसने.

आता जुलैमध्ये पावसाळी अधिवेशन झालं तेव्हा रोज रात्री जेवताना बातम्या लावायचो. आमदार निवासाच्या कँटीनमध्ये शिळ्या डाळीवरून कर्मचाऱ्याला मारलं, तो व्हिडिओ चार दिवस. मग विधानभवनातच दोन आमदारांच्या कार्यकर्त्यांची मारामारी. मग कृषिमंत्री सभागृहात मोबाईलवर रमी खेळताना दिसले म्हणून, ते म्हणाले मी खेळत नव्हतो, मग त्यावर आठवडा गेला आणि शेवटी त्यांचं खातं बदललं. या सगळ्यात बस, गॅस, तेल, शाळेची फी यावर एक सलग तासभर चर्चा मला तरी टीव्हीवर दिसली नाही. झाली असेल तर कुणीतरी लिंक द्या, खरंच बघायची आहे.

माझा प्रश्न असा की हे सगळं मुद्दाम चालतं का, म्हणजे आपलं लक्ष तिकडे राहावं म्हणून? आणि दुसरं, भाडं दुप्पट करायचं हे ठरवतं कोण? नगरसेवकाकडे जावं म्हटलं तर आत्ता, २०२५ मध्ये, नगरसेवकच नाहीयेत.

घाटकोपर_डेपो
ताई तुमच्या दुसऱ्या प्रश्नातच पहिल्याचं उत्तर आहे. मी बेस्टमध्ये नोकरी केली, आता रिटायर आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

पूर्वी भाडेवाढीचा प्रस्ताव आला की आधी बेस्ट समितीत जायचा, तिथे सगळ्या पक्षांचे सदस्य, आरडाओरडा व्हायचा, प्रस्ताव परत पाठवायचे, पेपरात यायचं. मग महापालिकेच्या सभागृहात. मग परिवहन प्राधिकरणाची मंजुरी. या सगळ्याला महिनेच्या महिने लागायचे आणि तेवढ्यात लोकांना कळायचं की वाढ येतेय, युनियन निवेदनं द्यायच्या, नगरसेवकाला वॉर्डात तोंड दाखवायचं असायचं म्हणून तो विरोध करायचा. सगळे मनापासून करायचे असं मी म्हणत नाही पण करावा लागायचा.

मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली. तेव्हापासून आत्ता २०२५ पर्यंत सरकारने नेमलेला प्रशासक. म्हणजे निवडून आलेली बेस्ट समिती नाही, सभागृह नाही. प्रस्ताव प्रशासनाचा आणि मंजुरीही प्रशासनाची, मग प्राधिकरण, मग लागू. यात आवाज कुठे होणार? २०१९ च्या जुलैमध्ये भाडं ८ वरून ५ केलं होतं, तेव्हा पालिकेने बेस्टला पैसे द्यायचं कबूल केलं म्हणून ते शक्य झालं. म्हणजे भाडं किती ठेवायचं हा डिझेलचा हिशोब कमी आणि पालिका किती खर्च उचलणार याचा निर्णय जास्त आहे, तो निर्णय लोकांनी निवडलेल्या माणसांनी घ्यायला हवा. ६ मे ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की राज्यातल्या रखडलेल्या निवडणुका चार महिन्यांत घ्या, आणि त्याच आठवड्यात ९ तारखेला भाडं दुप्पट. तारखा बघून मला फार वाईट वाटलं.

बेस्टची बाजूही सांगतो, तोटा खरा आहे. स्वतःच्या गाड्या भंगारात गेल्या तशा नवीन आल्या नाहीत, कंत्राटदारांच्या गाड्या वाढल्या. पण तोट्याचा सगळा भार सर्वात जवळ जाणाऱ्या माणसावर का? पाच किलोमीटरवालाच दुप्पट भरतोय, लांब जाणाऱ्याला तेवढी टक्केवारी नाही लागली.

सरळ_बोलतो
सगळे उगाच रडतात असं माझं मत आहे. सरकारी आकडा बघा, जून २०२५ ची महागाई २.१ टक्के, सहा वर्षांत एवढी कमी नव्हती. भाज्या तर स्वस्त झाल्यात. गेल्या वर्षी टोमॅटो काय भाव होता आठवा. विरोधकांनाही मुद्दा मिळत नाही म्हणून ते कँटीन नि रमीवर बोलतात.

हिशोबनीस
@सरळ_बोलतो आकडा बरोबर आहे, त्यातून काढलेला अर्थ बरोबर नाही. २.१ टक्के म्हणजे गेल्या जूनपेक्षा या जूनमध्ये किमती एवढ्याच वाढल्या. किमती खाली आल्या असा त्याचा अर्थ होत नाही. गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये हाच आकडा ६.२१ होता आणि खाण्यापिण्याचा १०.८७. ती वाढ झाली ती झाली, ती मागे जात नाही (भाज्या जातात, त्या हंगामाच्या असतात, म्हणून तर आत्ता एकूण आकडा एवढा खाली दिसतोय). आणि जूनमध्येही खाद्यतेलाची वाढ दोन आकडीच होती.

दुसरं म्हणजे हा आकडा आत्ता २०२५ मध्येही २०१२ च्या पायावर चालतो, म्हणजे २०१२ च्या किमतींशी तुलना करून, घरखर्चाचा नमुना त्याच्याही आधीच्या पाहणीतला. त्यात शिक्षणाचं वजन ४.४६ टक्के धरलंय. शंभर रुपयांतले साडेचार सुद्धा नाहीत. या धाग्यावर ज्यांना शाळेत जाणारं मूल आहे त्यांनी आपला महिन्याचा खर्च मांडून बघा, फी, बस, क्लास, वह्या. घरभाडं वगैरे धरून निवाऱ्याला १०.०७. ठाण्यात किंवा पुण्यात भाड्याने राहणाऱ्याचं पगारातून किती जातं ते मी सांगायला नको. त्यामुळे सरकार खोटं बोलतं असं मी म्हणत नाहीये, ते देशाची सरासरी सांगतात, खेड्यापासून शहरापर्यंत सगळ्यांची. मानखुर्दच्या ताईंचं घर त्या सरासरीत बसत नाही. नवीन पायावर काम चालू आहे असं सांगतात, झालं तर चांगलंच आहे.

लातूर_शिवार
शहरातल्या लोकांनी तेलाचं नाव काढलं म्हनून लिहितो. मागच्या सप्टेंबरात केंद्रानं बाहेरून येनाऱ्या तेलावर आयात शुल्क वाढवलं, कच्च्या तेलावर साडेपाचचं एकदम साडेसत्तावीस टक्के केलं, रिफाइंडवर पस्तीसच्या वर. सांगितलं काय तर सोयाबीनवाल्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हनून. आमाला पन वाटलं बरं झालं. दुकानात तेल तर लगेच महाग झालं, मीच आनलंय विकत, लिटरमागं वीस रुपये जास्तीचे दिले. आन सोयाबीन? हमीभाव ४८९२, बाजारात लोकांनी चार हजार, एकेचाळीसशेनं घातलं, ओलावा जास्त हाय म्हनून त्याच्याहून कमी. सरकारी खरेदी केंद्रावर बारदाना (माल भरायची पोती) नाही, नंबर लागंना, ज्याला मुलीचं लग्न, बँकेचा हप्ता तो किती दिवस थांबनार.

म्हनजे तुमी तेल महाग घेतलं आन मी सोयाबीन स्वस्त इकलं. मधले पैशे कुनाकडं गेले ह्याच्यावर विधानसभेत बोला की दोन दिवस. पेंडीचा (तेल काढून उरलेल्या चोथ्याचा) भाव पडला म्हनून सोयाबीन पडलं असं व्यापारी म्हनतेत, ते खरं बी हाय, सोयाबीनात तेल कमी आन पेंडच जास्त निघती. मग नुसतं तेलावर शुल्क लावून आमाला कसा काय फायदा होनार होता, हे आधी कुनी सांगितलं का? आता मे च्या शेवटाला कच्च्या तेलावरचं शुल्क परत कमी केलं. तुमाला तेल थोडं उतरंल, नवीन सोयाबीन यायच्या टायमाला आमचं काय व्हनार ते बगू. कृषिमंत्री रमी खेळले का न्हाई खेळले ह्याच्यात मला काय रस नाही, बारदाना वेळेवर देनार का एवढं इचारायचंय.

कल्याण_ईस्ट
मी घरकाम करते चार घरी, मला लाडकी बहीणचे १५०० येतात. इथे बऱ्याच जागी बघते लोक त्याला नाटक म्हणतात, मतांसाठी दिले म्हणतात. मतांसाठी दिले असतील. पण माझ्या खात्यात पहिल्यांदा असे पैसे आले जे मागायला नवऱ्याकडे हात पसरावा लागला नाही, हे ज्यांच्या घरी अशी वेळ आली नाही त्यांना कळणार नाही. तेव्हा त्याला वाईट बोलू नका एवढी विनंती.

पण हे पण खरं आहे की त्यातले ८५० सिलिंडरलाच जातात ज्या महिन्यात सिलिंडर येतो, उरलेले मुलीच्या पासला आणि वह्यांना. निवडणुकीत २१०० करू म्हणाले होते. ते कधी हे विचारलं की यादीची तपासणी चालू आहे असं ऐकायला येतं, आमच्या चाळीत दोघींचे पैसे थांबले, का थांबले ते कोणी सांगत नाही. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे ते चांगलं आहे, गावी जाताना उपयोग होतो, पण रोज गावी कोण जातं. रोजची लोकल, बस, शेअर रिक्षा हीच आमची.

दादर_कट्टा
एक वेगळं मत मांडतो, रागावू नका. तुम्ही सगळे आवाजाला नाटक म्हणताय पण आवाजाने काम होतं. शाळेत पहिलीपासून हिंदी शिकवायचे सरकारी आदेश, ते जीआर आठवा, एक १६ एप्रिलचा, दुसरा १७ जूनचा. शिक्षक बोलले, पालक बोलले, साहित्यिक बोलले, मग पक्ष उतरले आणि २९ जूनला दोन्ही जीआर मागे. ५ जुलैला वरळीत मोर्चाच्या जागी विजयी मेळावा झाला. मी होतो तिथे आणि मला त्याचा अभिमान आहे. भाषा हा पोटाचाच प्रश्न आहे, मराठी शाळा टिकली तर कामगाराच्या पोराला कमी फीत शिकता येतं.

मानखुर्दवाली
@दादर_कट्टा रागवायचं काय त्यात, माझा मुलगा मराठी शाळेतच शिकला, त्या जीआरच्या वेळी मी पण सही केली होती. तुमचं म्हणणं पटतंय आणि म्हणूनच जास्त टोचतंय. दोन महिन्यांत सरकारला जीआर मागे घ्यायला लावता येतो तर मग भाडं दुप्पट झाल्यावर ते सगळे कुठे होते? तेव्हा आंदोलन, निवेदन झालंही असेल, पण ते आठवड्याच्या पुढे टिकलं नाही. वरळीला स्टेजवरून कुणी एकाने जरी बसचं नाव काढलं असतं तर आमच्या बस स्टॉपवरची माणसं दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर उभी राहिली असती. कल्याणच्या ताई, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. पैसे थांबले त्या दोघींना लेखी अर्ज द्यायला सांगा आणि त्याची पोच घ्यायला सांगा, नुसतं तोंडी विचारून काही होत नाही.

घाटकोपर_डेपो
आवाज टिकत नाही कारण विषय किचकट आहे. जीआर एका पानाचा, वाचला की कळतो. भाडं, वीज, गॅस यांचे निर्णय वेगवेगळ्या ठिकाणी होतात, एक राज्यात, एक दिल्लीत, एक आयोगात, एक प्राधिकरणात. पुढाऱ्याला सोयीचं असतं, प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

हिशोबनीस
विजेचं मात्र एक सांगतो कारण तिथे सामान्य माणसाला जागा आहे. वीज नियामक आयोग दर ठरवायच्या आधी जनसुनावणी घेतो, कुणीही हरकत देऊ शकतो. या वर्षी महावितरणच्या प्रस्तावावर अशा सुनावण्या झाल्या. मी गेलो होतो, मराठीतच बोललो, आयोगाच्या लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. हॉलमध्ये उद्योगवाल्यांचे वकील, ग्राहक संघटनांचे मोजके अभ्यासू लोक, आणि घरगुती ग्राहक म्हणून आलेले अगदी थोडे. पुढारी एकही दिसला नाही. २८ मार्चला आयोगाने दर कमी करायचा आदेश दिला, महावितरणने हरकत घेतली, स्थगिती आली, जूनमध्ये बदललेला आदेश आला. त्या तीन महिन्यांत काय बदललं आणि का, हे आपल्या आमदाराला विचारून बघा, किती जणांना सांगता येतं.

सरळ_बोलतो
ठीक आहे, सरासरीचा मुद्दा मान्य. पण मग करायचं काय ते सांगा, नुसतं बोलून धागा संपेल.

मानखुर्दवाली
पालिकेची निवडणूक या वर्षी, २०२५ मध्ये, कोर्टाने सांगितलीय म्हणजे कधीतरी होणारच, वॉर्डांचं काम चालू झालंय. आमच्या गल्लीतल्या पाचसहा बायकांशी काल बोलले. जो कोणी मत मागायला येईल, कुठल्याही पक्षाचा, त्याला तीन गोष्टी विचारायच्या आणि उत्तर कागदावर लिहून त्याची सही घ्यायची: पाच किलोमीटरचं भाडं किती ठेवणार, बेस्टला पालिकेकडून दरवर्षी किती पैसे देणार, विद्यार्थ्यांच्या पासचं काय करणार. झेंडा, कोण कुणाबरोबर गेला, कुणी गद्दार हे ऐकायचं नाही, ते सुरू झालं की परत पहिला प्रश्न विचारायचा.

घाटकोपरचे दादा, तुमच्याकडे ९ मे च्या आधीचं आणि नंतरचं पासचं दरपत्रक असेल तर इथे टाका. त्याची झेरॉक्स काढून प्रत्येकीला द्यायची आहे.