घरातल्या घरात पोरांशी काय खेळता? नाशिककरांनो, अनुभव लिहा

पावसाने तीन दिवस कोंडून ठेवलंय. लेक साडेतीन वर्षांची. खेळण्यांची टोपली तशीच पडून आणि हिला हवा मोबाईल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या वयाला दिवसाकाठी जास्तीत जास्त तासभर स्क्रीन म्हटलंय. आमचा तास सकाळच्या दुधाबरोबरच संपतो. विकतचं काही सुचवू नका. तुमच्याकडे खरंच चालतं तेवढंच लिहा.

पंचवटीतून
आमच्याकडे गोदावरीचा पूर कोणी फुटांत मोजत नाही, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतात. 'दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं', 'छातीला लागलं' असंच बोलतात. लेकाने चौथ्या वर्षी हे थेट बाथरूममध्ये आणलं. टबात एक प्लास्टिकचा बाहुला उभा, तो मारुती. मी मगाने पाणी सोडायचं, तो गंगापूर धरणाचा विसर्ग. "किती सोडू?" "एक क्युसेक!" गुडघा, कंबर, छाती. साबणाची डबी म्हणजे सराफ बाजार. तिथे पाणी शिरलं की हा दुकानदार होऊन ओरडतो, "माल वर घ्या, माल वर घ्या!" बाहुला आडवा झाला तर मारुती झोपला, पूर रद्द. पूर्वी डोक्यावरून पाणी घ्यायचं म्हटलं की घर डोक्यावर घ्यायचा. आता शेवटचा मग स्वतःच ओतून घेतो, कारण तेव्हा मारुती तो असतो. ओसरलेला पूर संडासात ओततो, त्यामुळे सासूबाईही गप्प.

सातपूर, बाबा
नाइट करून येतो तेव्हा डोळे उघडे राहत नाहीत. पोरगी दारातच अडवते. तिच्या तळहातावर अंगठा लावायचा, ती "टीं" म्हणाली की आत. कधीकधी "लागला नाही, पुन्हा लावा." कंपनीतलं मशीनही असंच करतं, पण त्याचा राग येतो.

इंदिरानगर, आजी
थंडीत मटार सोलायला नातवंडं घेऊन बसते. शेंग फोडायच्या आधी दाणे किती ते सांगायचं, बरोबर आलं तर ते दाणे त्याचे. भाजीला फार काही उरत नाही, ते सोडा. मागच्या वर्षी धाकट्याने एक दाणा नाकात घातला. मी चिमटा घेऊन शहाणपणा केला, तो आणखी आत गेला. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत काढला, आणि मला चार शब्द सुनावले ते बरोबरच होते. घरी टोकरत बसू नका. आता धाकट्याला फक्त सालं. परातीतल्या पाण्यात त्यांच्या होड्या झकास चालतात.

मखमलाबाद
द्राक्षांच्या दिवसांत पुठ्ठ्याच्या रिकाम्या पेट्या घरी आणा. बाकी काही करावं लागत नाही.

सिडको
खरं सांगू? मला पोरांशी खेळायचा कंटाळा येतो. भातुकलीत तिसरा खोटा चहा प्यायला की घड्याळाकडे डोळे जातात. म्हणून मी पोळ्या लाटते आणि मुलाला कणकेचा गोळा देते. तो साप करतो, मी तव्यावर भाजून देते. सापाला तूप लावून खातो. आधी शेपटी.

धागाकर्ती
पंचवटीच्या ताई, आज विसर्ग सोडून बघितला. धड उभा राहणारा बाहुला घरात सापडेना, म्हणून मारुती मीच झाले. केस अजून वाळले नाहीत.