प्रयोगशाळा नसली तरी न्यायसहायक विज्ञान शिकवता येते
महागड्या उपकरणांशिवाय खेड्यातील नववी-दहावीच्या मुलांना न्यायसहायक विज्ञान (फॉरेन्सिक सायन्स, म्हणजे गुन्ह्यातील पुरावे तपासण्याचे शास्त्र) शिकवणे अशक्य आहे, हे मत मला पटत नाही. यवतमाळकडच्या आमच्या शाळेत आम्ही काळ्या मातीत उमटलेल्या चपलेच्या ठशात प्लास्टर ऑफ पॅरिस ओतून साचा काढतो. एक साचा ओल्या मातीतला आणि दुसरा उन्हात वाळलेल्या मातीतला, असे दोन्ही मोजपट्टीने मोजले की माती वाळताना आकसते, तिला भेगा पडतात आणि तिच्यासोबत ठसाही आखूड होतो, हे मुलांना स्वतःच दिसते. मग केवळ लांबीवरून चप्पल कोणाची हे ठरवायला ती धजत नाहीत. पुरावा किती सांगतो आणि कुठे थांबतो, ही समज मला बोटांचे ठसे उचलण्याच्या नवलाईपेक्षा फार मोलाची वाटते. (तेही करायचेच असेल तर पेन्सिलीच्या शिशाची पूड व पारदर्शक चिकटपट्टी पुरते, मात्र मुलांचे ठसे तास संपताच नष्ट करावेत.) १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (गुन्ह्यांच्या तपास व खटल्याच्या कार्यपद्धतीचा कायदा) ७ वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे, ती टप्प्याटप्प्याने अमलात येताना माणसे लागणारच, तेव्हा नागपुरात या विषयाची शासकीय संस्था आहे हे मुलांना दहावीतच सांगायला हवे.