स्पर्धेच्या कुत्रीला बक्षीस किती आणि झटका किती?

कोथरूडकर:
माझी अडीच वर्षांची जर्मन शेफर्ड कुत्री आयजीपी-१ (कामाच्या कुत्र्यांची आंतरराष्ट्रीय परीक्षा, पहिली पातळी) च्या आज्ञापालन विभागाची तयारी करत आहे. बॉल दिसत असला की ती डाव्या पायाला खेटून, मान वर करून चालते. मात्र रेंगाळण्यावर उपाय म्हणून प्रशिक्षकांच्या सल्ल्याने चोक चेनचे (ओढताच गळ्याभोवती आवळणाऱ्या साखळीचे) झटके देऊ लागल्यापासून ती अर्धे पाऊल मागेच राहते आणि कान पाडते. परीक्षक कुत्र्याचा उत्साहही पाहतात. अशा वेळी बक्षीस आणि सुधारणा (चुकीनंतर झटका देणे, रोखणे वगैरे) यांचे प्रमाण कसे ठेवावे?

रानवाट:
प्रमाणाचा आकडा शोधण्यापेक्षा झटका कोठे बसतो ते पाहावे. मागे राहिलेल्या कुत्रीला पट्ट्याने पुढे खेचले की त्रास तिला तुमच्या पायाजवळ येतानाच होतो, आणि ती जागाच नकोशी वाटू लागल्याने ती आणखी मागे राहते. बॉल डाव्या काखेत धरा आणि तिचा खांदा पायाशी जुळलेला असेल त्याच क्षणी खुणेचा शब्द (‘बरोबर’ असे सांगणारा ठरलेला शब्द) उच्चारून बॉल सोडा. आरंभी दोन-चार पावलांवर, मग हळूहळू अंतर वाढवत. नव्या मैदानावर, बॉल न दाखवता, एका आज्ञेत जे ती करत नाही, ते तिला अद्याप येत नाही असे समजावे. तेथे झटका अन्यायाचा ठरतो.

गोदाकाठ:
बहुतांशी सहमत आहे, परंतु सुधारणा अजिबातच नको असा अर्थ यातून निघू नये. आज्ञा पक्की येत असूनही दुसरा कुत्रा पाहून 'डाउन' (आडवे पडून राहणे) मोडणाऱ्या कुत्रीला न रागावता त्याच जागी परत नेणे आणि त्या खेपेचे बक्षीस रोखणे, हीही सुधारणाच आहे. मला खरी अडचण वेगळी दिसते. परीक्षेच्या मैदानात खाऊ किंवा बॉल नेता येत नाही, हे कुत्र्यांना फार लवकर कळते (हँडलरना, म्हणजे कुत्रा हाताळणाऱ्यांना, त्याचा अर्थ बराच उशिरा कळतो). म्हणून सरावातही बॉल मैदानाबाहेर ठेवावा आणि कधी एका, तर कधी तीन व्यायामांनंतर (परीक्षेतील ठरलेल्या कृतींनंतर) तिला घेऊन तिकडे धावत जावे. १०० पैकी ७० गुणांना उत्तीर्ण होता येते. थोड्या वाकड्या बसण्यापायी तिचा आनंद घालवू नका.

कोथरूडकर:
आभारी आहे. डंबेल (कुत्र्याने तोंडात धरून आणायची लाकडी वस्तू) आणताना ती ते चावते; तेथे तरी झटका योग्य ठरेल का?

रानवाट:
नाही. तोंडात डंबेल असताना त्रास झाला तर ती डंबेलच उचलायचे टाळू लागेल. आधी हलके डंबेल देऊन, तोंड स्थिर असतानाच ते काढून घेऊन बक्षीस द्या. ही पकड टिकू लागली की मग परीक्षेतील ६५० ग्रॅमचे डंबेल आणा.